टू-बी मॅच करताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी अकाउंट्स सांभाळते. पिग आयर्न, स्क्रॅप, सिलिका सँड, बेंटोनाइट, ग्राइंडिंग व्हील, पॅटर्नची दुरुस्ती, बाहेरून करून घेतलेलं मशिनिंग, अशी बिलं रोज येतात आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढतात. हीच बिलं पुरवठादारानं आपल्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये दाखवली, की पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवरच्या आमच्या खरेदीच्या यादीत, म्हणजे जीएसटीआर-२बी उर्फ टू-बी मध्ये उमटतात. म्हणजे खरेदी एकच, याद्या दोन. एक आम्ही लिहिलेली, एक समोरच्यानं. १ जानेवारी २०२२ पासून टू-बीत न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे त्या खरेदीवर दिलेला टॅक्स आपल्या टॅक्समधून वजा करता येत नाही. मागच्या आर्थिक वर्षाचं राहिलेलं क्रेडिट घ्यायचं तर ३० नोव्हेंबरच्या आत, आणि वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तिथंच दार बंद. त्यामुळं दिवाळीचा फराळ संपायच्या आत आमच्याकडं वर्षभराच्या दोन्ही याद्या समोरासमोर मांडायचं काम निघतं.

दर महिन्याला मॅचिंग होतंच. पण २० तारखेचं थ्री-बी, म्हणजे टॅक्स भरायचं महिन्याचं रिटर्न, मानगुटीवर असतं, त्यामुळं जे जुळलं नाही ते ‘पुढच्या महिन्यात येईल’ म्हणून ढकललं जातं. बऱ्याचदा येतंही. जे येत नाही ते साचत राहतं.

मालकांनी विचारलं, “टू-बीत आणि आपल्यात फरक किती?”

बेरजांची वजाबाकी करून मी सांगितलं, साडेतीन लाखांच्या आसपास.

“कुणाकडं अडकलेत?”

बेरजेत याचं उत्तर नसतं. उलट बेरीज फसवते. आमच्याकडची नऊ लाख रुपये टॅक्सची बिलं टू-बीत नसली आणि टू-बीतल्या साडेपाच लाखांची आमच्याकडं नसली, तरी वजाबाकी साडेतीनच येणार. फरक शून्य आला म्हणून याद्या जुळल्या असंही नाही. एक बिल इकडं कमी, तेवढ्याच रकमेचं दुसरं तिकडं कमी, की झालं. म्हणून ओळ न् ओळ जुळवायला दुसरा पर्याय नाही.

ऑफिसात नवा लागलेला मुलगा एक्सेलमध्ये तरबेज आहे. त्यानं टॅलीचं पर्चेस रजिस्टर आणि टू-बी अशा दोन्ही फायली उघडल्या, ‘व्ह्यू साइड बाय साइड’ लावलं, एकीत माउस फिरवला की दुसरीही सरकेल अशी सोय केली. पन्नास-साठ ओळींच्या यादीला हे चालतं. वर्षाच्या यादीला डोळे शरण येतात. मग त्यानं दोन्ही याद्या एकाच शीटमध्ये शेजारी चिकटवल्या आणि तिसऱ्या कॉलमात सूत्र घातलं: इकडचा सेल तिकडच्याइतकाच असेल तर ‘ओके’, नाहीतर ‘चूक’. पहिल्या काही ओळी ओके आल्या आणि मग खालपर्यंत सगळं चूक.

त्या ‘चूक’च्या रांगेची सुरुवात एकाच बिलानं झाली होती. टू-बीत एक बिल मध्येच जास्त होतं, त्यामुळं त्याच्याखालची प्रत्येक ओळ एका घरानं खाली सरकली होती. सेलला सेल लावून बघणाऱ्या सगळ्या युक्त्या, त्यात रंग भरणारं कंडिशनल फॉरमॅटिंगही आलं, इथंच झोपतात. त्या सूत्राला फक्त पत्ता कळतो, घरात कोण राहतं ते कळत नाही. कॉम्प्युटरवाल्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७० च्या दशकात युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ‘डिफ’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो दोन फायलींमध्ये एकाच क्रमानं येणाऱ्या सामाईक ओळींची सर्वांत लांब साखळी शोधतो आणि त्या साखळीत न बसणाऱ्या ओळी तेवढ्या ‘वाढली’ किंवा ‘गेली’ म्हणून दाखवतो. मध्ये एक ओळ घुसली तर तेवढी एकच ओळ दिसते. विंडोजवर विनमर्ज हा फुकट प्रोग्रॅम तेच करतो; शीट सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची फाइल, करून त्याला द्यायची. पण त्यालाही दोन्हीकडचा क्रम एक लागतो. आमच्या याद्यांचा क्रम पहिल्या काही ओळींपुढं एक राहण्याचं कारणच नाही. आम्ही बिल हातात पडलं त्या दिवशी चढवतो, पुरवठादार त्याच्या सवडीनं भरतो.

तेव्हा क्रम सोडायचा आणि प्रत्येक बिलाची ओळख पटेल असं काहीतरी धरायचं. एकट्या बिल नंबरानं भागत नाही, कारण ‘१०१’ नंबरचं बिल डझनभर पुरवठादारांचं असतं. पुरवठादाराचं नाव तर बिलकूल धरू नये. टॅलीत आम्ही ‘उद्यमनगर टूल्सवाले’ अशा थाटात लेजर, म्हणजे खातं, उघडलेलं असतं आणि पोर्टलवर त्याचं कागदोपत्री नाव असतं. जीएसटी नंबर मात्र पक्का, पंधरा अक्षरी. सुरुवातीला राज्याचा कोड, आपला २७, बेळगावच्या व्यापाऱ्याचा २९, त्यापुढं दहा अक्षरं पॅनची. म्हणून जीएसटी नंबर आणि बिल नंबर एकमेकांना जोडून नवा कॉलम करायचा आणि त्यावर जुळवायचं. सांगायला एवढंच. या कामातला तीन चतुर्थांश वेळ हा कॉलम दोन्हीकडं सारखा दिसावा यात गेला. फॉर्म्युले, टूल वगैरे नंतरच्या गोष्टी.

आमच्या गेटवर बिल पहिल्यांदा स्टोअरच्या मामांच्या हाती पडतं. इनवर्डच्या, म्हणजे आलेल्या मालाच्या, रजिस्टरला ते स्वतःच्या पद्धतीनं नंबर लिहितात आणि टॅलीत तोच चढतो. छापील बिलावर ‘केओपी/२४-२५/०४५’ असेल तर मामा ‘४५’ लिहितात. त्यांचं चुकतं असंही म्हणता येत नाही, कारण पुरवठादारही फोनवर “पंचेचाळीस नंबरचं बिल” असंच म्हणतो. पोर्टलवर मात्र पूर्ण नंबर असतो. काहींनी पोर्टलवर तिरकी रेघ दिलेली, बिलावर आडवी. कुठं शून्याच्या जागी इंग्रजी ओ. नियम असा आहे, की बिल नंबर सोळा अक्षरांपर्यंत असावा आणि त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं. हा नियम माझ्या पथ्यावर पडला. दोन्हीकडच्या रेघा आणि मोकळ्या जागा काढून टाकल्या, सगळी अक्षरं कॅपिटल केली, सुरुवातीची शून्यं उडवली, की निम्म्याहून जास्त भांडण तिथंच मिटतं.

उरलेल्यांत एक पुरवठादार असा होता, की त्याची सगळी बिलं डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसत होती, तरी एक्सेल ‘नाही’ म्हणत होतं. तो आपलं लेजर ईमेलच्या मजकुरातच चिकटवून पाठवायचा आणि आम्ही ते तिथून उचलून एक्सेलमध्ये घेतलेलं. मी दोन्ही सेलांची लांबी ‘लेन’ सूत्रानं मोजली. एक म्हणे सात, दुसरा आठ. म्हणजे मागं एक न दिसणारी मोकळी जागा. ‘ट्रिम’ लावलं, तरी आठच. इथं मुलगा वैतागला. झालं होतं असं, की ट्रिम साधी स्पेस काढतं, म्हणजे कोड ३२. वेबपेज किंवा ईमेलमधून येणारी चिकट स्पेस वेगळी असते, तिचा कोड १६०. ट्रिम तिला हातही लावत नाही. ‘सब्स्टिट्यूट’ सूत्रात कोड १६० देऊन ती काढली तेव्हा सात झाले आणि त्याची सगळी बिलं एका फटक्यात जुळली. तेव्हापासून मी दिसण्यावर विश्वास ठेवत नाही. सेल कितीही गोंडस दिसू दे, आधी लांबी बघते.

दुसरा त्रास एक्सेलच्या शहाणपणाचा. ‘३-१२’ असा बिल नंबर टाकला, की ते त्याची तीन डिसेंबर करून टाकतं. ‘१२’ मग इंग्रजी ई आणि ‘४’ असा नंबर असेल तर त्याचे एक लाख वीस हजार करतं. हे फक्त आपल्याच वाट्याला येतं असं समजू नका. जनुकांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या याद्यांत ‘सेप्ट २’, ‘मार्च १’ अशा नावांच्या जनुकांच्या तारखा होत होत्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं त्या जनुकांचीच नावं बदलली. शास्त्रज्ञांनी एक्सेलपुढं हात टेकले तिथं आपण कोण?

आणि सोळा अंकी नंबर. एक्सेल आकड्यातले पंधराच अंक सांभाळतं, सोळाव्याचं शून्य करतं. बिल नंबर सोळापर्यंत चालतो आणि एक्सेल पंधरावर थांबतं, ही गंमत लक्षात येईपर्यंत एकाच पुरवठादाराची नऊ-दहा बिलं मला एकाच नंबराची दिसत होती. यावर ‘कॉलम टेक्स्ट करा’ हा उपाय सगळेच सांगतात, पण तो फाइल उघडण्याच्या आधी करायचा असतो. सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली, की शून्य बसलेलं असतं. नंतर टेक्स्ट केलं तरी गेलेला अंक परत येत नाही. डेटा मेनूतून फाइल आत घ्यावी आणि तिथंच त्या कॉलमाला टेक्स्ट म्हणावं. तरीही ‘काउंटइफ’ या मोजदादीच्या सूत्रापासून जपून. टेक्स्टमधल्या लांबलचक अंकांनाही ते आकडा समजून मोजतं आणि पंधरापर्यंत सारखे असलेले दोन नंबर एकच धरतं.

तारखा मी ओळखीच्या कॉलमात घेतल्याच नाहीत. बिलावरची तारीख आणि आमच्या एन्ट्रीची तारीख यांत अंतर असतंच. त्यातून ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन होती. तिथं ०५/०४ ची चार मे झाली आणि २५/०४ ला पंचविसावा महिना नसल्यानं ती नुसता मजकूर म्हणून पडून राहिली. एकाच कॉलमात काही तारखा उजवीकडं आणि काही डावीकडं चिकटलेल्या दिसल्या तर समजावं, हे प्रकरण आहे.

कॉलम तयार झाल्यावर मुलानं ‘व्हीलुकअप’ लावलं, एका यादीतलं दुसरीत शोधणारं सूत्र. त्याचा शेवटचा रकाना रिकामा सोडला तर ते ‘जवळपास’ जुळणारं शोधतं, म्हणून तिथं फॉल्स लागतंच. ते त्याला माहीत होतं. पण व्हीलुकअप पहिलं सापडलेलं उचलतं आणि थांबतं. आमच्याकडं एकाच बिलाच्या दोन एन्ट्र्या होत्या, माल एका व्हाउचरला आणि पॅकिंग-फॉरवर्डिंग दुसऱ्याला. दोन्ही टू-बीतल्या एकाच ओळीला जाऊन भिडल्या आणि दोन्हीकडं रकमेचा फरक दिसला. शिवाय एका बाजूनं लावलेलं व्हीलुकअप अर्धंच सांगतं. आमचं तिकडं आहे का, हे कळतं. तिकडचं आमच्याकडं आहे का, ते कळायला उलटं लावावं लागतं, आणि नेमकं तेच लोक करत नाहीत.

म्हणून शेवटी पॉवर क्वेरी, याद्या आत घेऊन साफ करणारी आणि जोडणारी एक्सेलची सोय. एक्सेल २०१६ पासून ती आतच आहे, डेटा मेनूत. टू-बीच्या बारा महिन्यांच्या बारा फायली एका फोल्डरात ठेवल्या आणि एकत्र करून घेतल्या. या फायलींत वरच्या काही ओळी मथळ्यांच्या आणि जोडलेल्या सेलांच्या असतात, त्या आधी छाटाव्या लागतात. दोन्ही याद्यांत एका बिलाची एकच ओळ राहील अशी बेरीज केली, म्हणजे दोन व्हाउचरांचा घोळ संपला. मग दोन्ही याद्या ‘मर्ज’ केल्या, ‘फुल आउटर’ प्रकारानं. जुळलेली, फक्त आमच्याकडं असलेली आणि फक्त टू-बीत असलेली, असे तीन ढीग समोर आले. एक सावधगिरी: एक्सेलच्या साध्या बरोबरच्या चिन्हाला कॅपिटल आणि स्मॉल सारखेच, पॉवर क्वेरीला नाहीत. म्हणून सगळी अक्षरं आधी कॅपिटल करायची.

जुळलेल्या ढिगात रकमा बघायच्या. पैशांचं राउंड ऑफ प्रत्येक जण आपल्या मनानं करतो, तेव्हा टॅक्समधला एक रुपयापर्यंतचा फरक मी फरक मानला नाही. कितीपर्यंत सोडायचं हे एक्सेल ठरवत नाही, तुम्ही ठरवता, आणि ते आधी मालकांना विचारून ठरवलेलं बरं. एवढं मात्र पक्कं, की वजाबाकी थेट शून्याशी ताडून बघू नये. कॉम्प्युटर दशांश बायनरीत ठेवतो, त्यामुळं ०.१ आणि ०.२ यांची बेरीज आतल्या आत ०.३ हून केसभर वेगळी असते. हुपरीला चांदीच्या हिशेबात काम करणारी माझी मैत्रीण आहे. तिच्याकडं कारागिराला दिलेली आणि पैंजण होऊन परत आलेली चांदी ग्रॅमच्या तीन दशांशांपर्यंत लिहितात. तिला विचारा, ‘राउंड’ न लावता जुळवायला बसलं तर काय होतं ते.

‘फक्त टू-बीत’ हा ढीग मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. त्यात बँकेनं चार्जेसवर लावलेला जीएसटी होता, फोनची बिलं होती, कुरिअर होतं. आमच्याकडं हे सगळं जर्नलनं चढतं, पर्चेस रजिस्टरला येतच नाही. म्हणजे क्रेडिट घेतलेलं होतं, फक्त मी ज्या यादीशी ताडत होते त्या यादीत नव्हतं. ते उचलून बाजूला केल्यावर काही बिलं खरोखरच आमच्या हाती न आलेली निघाली. ती मागवून घेतली. त्यांचं क्रेडिट निव्वळ पदरात पडलं.

‘फक्त आमच्याकडं’ हा ढीग म्हणजे फोनाफोनी. त्याआधी मी उरलेल्यांत जीएसटी नंबर आणि टॅक्सची रक्कम एवढ्यावर आणखी एक फेरी मारली, नंबर काहीही असू दे म्हणून. मामांनी सातचा एक वाचलेली बरीच बिलं त्यात जुळली. पण ही फेरी डोळ्यांखालून घालावी लागते, कारण दर महिन्याला तेवढ्याच रकमेचं बिल देणारे पुरवठादारही असतात.

उद्यमनगरातल्या एका मशिन शॉपवाल्यांना फोन केला.

“वैनी, बिल भरलंय की मी! आमच्या सीएंना विचारा पायजे तर.”

भरलं होतं, ते खोटं नव्हतं. पण आमचा जीएसटी नंबर न टाकता, किरकोळ गिऱ्हाइकाच्या खात्यात. त्यामुळं आमच्या टू-बीत ते कधीच येणार नव्हतं. आणखी एकाची बिलं मालकांच्या दुसऱ्या फर्मच्या नंबरावर गेली होती. ती सापडली ती त्या फर्मच्या टू-बीशी आमची उरलेली यादी लावून बघितल्यावर. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, पण दोन फर्म असणाऱ्यांनी जरूर करावं. अशी दुरुस्ती पुरवठादारालाही मागच्या वर्षासाठी ३० नोव्हेंबरपर्यंतच करता येते, त्यामुळं “बघतो की, सांगतो” एवढ्यावर फोन ठेवून चालत नाही.

आणि सगळ्यांत जास्त बिलं ज्यात अडकलेली दिसली तो घोळ नव्हताच. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना जीएसटीआर-१ तिमाहीला भरायची मुभा आहे. मधल्या दोन महिन्यांची बिलं त्यांनी वेगळी चढवली नाहीत तर एप्रिलचं बिल थेट जूनच्या टू-बीत येतं, म्हणजे १४ जुलैला. आमचे निम्मे पुरवठादार असेच छोटे. महिन्याला महिना लावून बघितलं, की ते कायम ‘नाही’ दिसतात. वर्षाला वर्ष लावलं, की बहुतेक जुळून जातात. तरी जानेवारी ते मार्चच्या बिलांसाठी मी टू-बीची पुढच्या वर्षाची एप्रिल-मेचीही फाइल जोडून घेतली. कारण मार्चची काही बिलं लोक एप्रिलमध्ये भरतात.

याच धांदलीत पुण्याच्या एका गिऱ्हाइकाकडून कास्टिंगची रेट लिस्ट सुधारून आली. ही जुळवणी वेगळ्या जातीची. तिथं फाइल एकच असते, कुणीतरी मध्ये हात फिरवून परत पाठवलेली. क्रम तोच, कॉलम तेच. इथं मायक्रोसॉफ्टचं स्प्रेडशीट कम्पेअर हे टूल कामाचं. पण ते ऑफिसच्या मोठ्या एडिशनबरोबरच येतं, घरगुतीबरोबर येत नाही. नसेल तर लिबरऑफिसमध्ये एडिट मेनूत, ट्रॅक चेंजेसखाली कम्पेअर डॉक्युमेंट आहे, तेही फुकट. आम्ही पहिलं वापरलं. ते बदललेला आकडा वेगळा दाखवतं आणि बदललेलं सूत्र वेगळं, आणि त्यातच खरी मेख निघाली. एका कास्टिंगची किंमत दोन्ही फायलींत सारखीच दिसत होती. पण आमच्या फायलीत ती वजन गुणिले किलोचा रेट अशी सूत्रानं येत होती आणि त्यांच्याकडून आलेल्या फायलीत तिथं नुसता आकडा ठोकलेला होता. आज फरक शून्य. पुढच्या तिमाहीला पिग आयर्न वाढून रेट बदलला असता तर बाकीच्या ओळी वाढल्या असत्या आणि ही एक जागची हलली नसती. हे डोळ्यांनी कधीच दिसलं नसतं.

टू-बीच्या जुळवणीत शेवटी मोजकी बिलं उरली आहेत. त्यातल्या काही पुरवठादारांनी धंदाच बंद केला आहे, त्यांचं क्रेडिट आम्ही सोडलं. मामांच्या इनवर्ड रजिस्टरला आता बिल नंबर छापलाय तसा पूर्ण लिहायचा, अगदी तिरक्या रेघेसकट. मामांची त्यावर कुरकुर चालू आहे, रकाना लहान पडतो म्हणून. आणि पेमेंटच्या यादीत एक कॉलम वाढलाय, ‘टू-बीत दिसलं का’. उत्तर ‘नाही’ असेल तर टॅक्सएवढी रक्कम मागं ठेवून बाकीचं सोडायचं, असं मालकांनी ठरवलंय. पहिल्याच पेमेंटनंतर टूलच्या दुकानातून फोन आला, “वैनी, टॅक्स कुठं राहिला ओ?” त्यांना बिल नंबर दिला आहे, पूर्ण.